मोटरसायकलची साखळी आणि तिचीं दांतेरी चाकें

(नभोवाणीवरील भाषण)

मोटरसायकल विकत घेतांना माणूस पुष्कळ चौकशी करतो. इंजिनाची शक्ति किती, एका लिटरमध्यें गाडी किती किलोमीटर जाते, ब्रेक कसे आहेत, पुढें विकावयाची झाली तर किंमत काय येईल, असे नाना प्रश्न तो दुकानदारास विचारतो. परंतु इंजिनाची ही सारी शक्ति ज्या एका वस्तूच्या द्वारें मागच्या चाकापर्यंत पोंचते, त्या साखळीविषयीं मात्र तो चकार शब्दहि काढीत नाहीं. साखळी नवी असते तोंपर्यंत मुकाट्यानें काम करते. पुढें एके दिवशीं ती करकरूं लागते, आणि मग गाडीचा मालक गॅरेजमध्यें जाऊन म्हणतो, 'मिस्त्री, चेन बदला. पण जरा स्वस्तांत.' ह्या 'स्वस्तांत' शब्दाची किंमत पुढें किती पडते, आणि ती पडूं नये म्हणून साखळी व तिचीं दोन दांतेरी चाकें कशीं निवडावींत, हें आज आपणांस सांगावें असा माझा विचार आहे.

हा उपदेश मी उंचावर बसून करीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या स्वतःच्या गाडीची साखळी सैल पडूं लागली. मागचें चाक सरकवून सरकवून शेवटच्या खुणेपर्यंत आलें, तरी साखळी लोंबतच राहिली. मिस्त्रींनीं मला स्पष्ट सांगितलें कीं, साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट अशा तिन्ही वस्तु एकदम बदला. मला वाटलें, मनुष्य आपला धंदा पाहतो आहे! चाकें डोळ्यांना धडधाकट दिसत होतीं. एकहि दांता तुटलेला नव्हता. मीं केवळ साखळी बदलून घेतली आणि चार पैसे वांचविल्याचें समाधान मानलें. पावसाळा उलटतो न उलटतो तोंच नवी साखळी जुनीसारखी खडखडूं लागली. शेवटीं तिन्ही वस्तु घ्याव्या लागल्याच. वर साखळीचे पैसे दोनदां द्यावे लागले. मिस्त्रींचें म्हणणें खरें कां होतें, हें मला त्यानंतर समजलें. तें समजण्यासाठीं साखळीच्या रचनेकडे जरा बारकाईनें पाहावें लागतें.

आज मोटरसायकलवर जी साखळी दिसते, तिची रचना हान्स रेनॉल्ड ह्या यंत्रज्ञानें १८८० सालीं सिद्ध केली. हा गृहस्थ जन्मानें स्वित्झर्लंडचा. पण त्याचा कारखाना इंग्लंडांत मँचेस्टर येथें होता. आरंभींच्या काळांतील पुष्कळ मोटरसायकली चामड्याच्या पट्ट्यावर चालत असत. पाऊस लागला कीं पट्टा घसरे, आणि चढावर तर तो हटकून दगा देई. साखळी दांत्यांत अडकून चालते, ती घसरत नाहीं. म्हणून हळूहळू तिनें पट्ट्याची जागा घेतली. ह्या साखळीची एक कडी आंतली आणि एक बाहेरची, असा क्रम असतो. आंतल्या कडींत दोन पोलादी पट्ट्या दोन पोकळ नळ्यांनीं जोडलेल्या असतात. ह्या नळ्यांना बुश म्हणतात. प्रत्येक बुशावर एक मोकळा फिरणारा रोलर असतो. बाहेरच्या कडीच्या पट्ट्या दोन खिळ्यांनीं जोडलेल्या असतात, आणि हे खिळे आंतल्या कडीच्या बुशांतून गेलेले असतात. दांत्याला टेकतो तो रोलर. पण साखळी वांकते त्या वेळीं घांसतो तो बुशाच्या आंतील खिळा. म्हणजे साखळीचें खरें आयुष्य जेथें ठरतें ती जागा आपणांस बाहेरून दिसतच नाहीं.

ह्या न दिसणाऱ्या जागीं काम किती चालतें, ह्याचा हिशेब करून पाहूं. समजा, मागच्या स्प्रॉकेटला ४५ दांते आहेत, साखळी ११२ कड्यांची आहे आणि मागच्या टायरचा घेर सुमारें १.९ मीटर आहे. गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें चालली असतां साखळी एका सेकंदांत सुमारें साडेतीन फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यांत प्रत्येक सांधा पुढच्या चाकावर चढतांना वांकतो, उतरतांना सरळ होतो. मागच्या चाकावर पुन्हां वांकतो व पुन्हां सरळ होतो. म्हणजे एका सांध्याच्या वांट्याला सेकंदांत चौदा हालचाली आल्या. आणि त्यांपैकीं निम्म्या गाडीचा सारा ओढा अंगावर असतांना! त्यांत रस्त्यावरची धूळ आणि पावसाळ्यांतला चिखल मिसळला कीं, वंगणाचें कानशींत रूपांतर व्हावयास वेळ लागत नाहीं.

आपण म्हणतों, साखळी ताणली गेली, लांबली. वस्तुतः पोलादी पट्टी लांबत नाहीं. खिळा आणि बुश हीं एकमेकांवर घांसून झिजतात, आणि प्रत्येक सांध्यांत किंचित् ढिलेपणा येतो. एका सांध्यांत एक दशांश मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एका जाड केसाएवढी झीज झाली, तरी ११२ सांध्यांच्या साखळींत मिळून अकरा मिलिमीटर वाढ होते. हीच साखळीची 'लांबी'. आतां गोम अशी आहे कीं, साखळी अशी लांबली म्हणजे तिच्या रोलरांमधील अंतर वाढतें, पण चाकाच्या दांत्यांमधील अंतर तेंच राहतें. मग रोलर खांचेच्या तळाशीं न बसतां दांत्याच्या कडेवर थोडे वर चढून बसतात, आणि तेथें दांता खातात. होतां होतां दांत्याची एक बाजू पोखरली जाते आणि तो आंकड्यासारखा वांकडा दिसूं लागतो. जुनी साखळी आणि जुनें चाक अशा रीतीनें एकमेकांच्या झिजेशीं जुळवून घेतात, आणि त्यांचा संसार कसाबसा चालतो.

अशा झिजलेल्या चाकावर आपण नवी साखळी चढविली म्हणजे काय होतें? नव्या साखळीचें अंतर बरोबर असतें, पण चाकाच्या खांचा वाढलेल्या असतात. जो भार सात-आठ दांत्यांनीं वांटून घ्यावयाचा, तो एक-दोन दांत्यांवर येतो. रोलर आंकड्यांत अडकतात, सुटतांना झटका देतात आणि नवी साखळी अल्पावधींत जुनी होते. ह्याच्या उलट, नव्या चाकांवर जुनी साखळी घातली तर ती साखळी नवीं चाकें आपल्या मापानें झिजवून घेते. माझी जी फजिती झाली तिचें कारण हें होतें. म्हणून पहिला नियम असा कीं, साखळी आणि दोन चाकें ह्या तीन वस्तु नसून एकच वस्तु आहे असें मानावें. बाजारांत ह्या तिघांचा मिळून 'चेन-स्प्रॉकेट सेट' मिळतो तो ह्याच कारणासाठीं. मागचें चाक त्यांतल्या त्यांत कमी झिजलेलें आढळतें, कारण पुढच्या लहान चाकाचा प्रत्येक दांता त्याच्या तिप्पट वेळां कामास येतो. तरी निवाडा डोळ्यांनीं न करतां मापानें करावा.

हें माप घेणें मुळींच अवघड नाहीं. गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, इंजिन बंद असावें आणि गाडी न्यूट्रलमध्यें असावी. साखळीची खालची बाजू ताणून धरावी आणि फूटपट्टी लावून एका खिळ्याच्या मध्यापासून एकविसाव्या खिळ्याच्या मध्यापर्यंत मोजावें. एकविसावा अशासाठीं कीं, वीस अंतरें हवीं तर खिळे एकवीस लागतात. येथें पुष्कळांची गफलत होते. लहान व मध्यम गाड्यांवर जी ४२८ क्रमांकाची साखळी असते, तिच्या दोन खिळ्यांमधील अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच असतें. तेव्हां नव्या साखळीचीं वीस अंतरें २५४ मिलिमीटर भरतात. तीं २५६.५ भरलीं म्हणजे साखळी शेंकडा एक वाढली. नव्या सेटची तजवीज करण्याची ती वेळ होय. २५९ भरलीं म्हणजे शेंकडा दोन. अशी साखळी एक दिवसहि गाडीवर ठेवूं नये. गाडीच्या पुस्तिकेंत मर्यादा दिली असेल तर अर्थातच ती प्रमाण मानावी. साखळी सर्व ठिकाणीं सारखी झिजत नाहीं. म्हणून चाक फिरवून तीन-चार जागीं मोजावें आणि सर्वांत मोठा आंकडा धरावा. फूटपट्टी जवळ नसेल तर मागच्या चाकाच्या अगदीं पाठीमागच्या बाजूस साखळी चिमटींत धरून ओढून पाहावी. ती उचलली जाऊन अर्ध्याहून अधिक दांता उघडा पडला, तर तिचें आयुष्य संपलें असें समजावें.

आतां नवी वस्तु घ्यावयास आपण बाजारांत आलों. येथें पहिला प्रश्न क्रमांकाचा. साखळीच्या पट्टीवर क्रमांक ठोकलेला असतो. तो ४२०, ४२८, ५२०, ५२५ किंवा ५३० असा कांहीं तरी असेल. ह्यांतील पहिला आंकडा दोन खिळ्यांमधील अंतर अष्टमांश इंचांत सांगतो: ४ म्हणजे चार अष्टमांश, अर्थात् अर्धा इंच, ५ म्हणजे पांच अष्टमांश, अर्थात् १५.८७५ मिलिमीटर. पुढच्या दोन आंकड्यांवरून साखळीची आंतील रुंदी कळते. ४२० आणि ५२० ह्यांची रुंदी पाव इंच असते. ४२८ व ५२५ ह्यांची सुमारें आठ मिलिमीटर. आणि ५३० ची साडेनऊ. क्रमांकापुढें 'एच' हें अक्षर असेल तर पट्ट्या अधिक जाड आहेत असें समजावें. साखळीचा आणि दोन्ही चाकांचा क्रमांक एकच पाहिजे, ह्यांत तडजोड नाहीं. दुकानदार 'साहेब, बसून जाईल' असें म्हणूं लागला तर तेथून उठावें.

दुसरा प्रश्न कड्यांच्या संख्येचा. आंतली एक व बाहेरची एक अशा जोडीनेंच साखळी बनत असल्यानें ही संख्या नेहमीं सम असते. विषम संख्या जुळविण्यासाठीं अर्धी वांकडी कडी मिळते. पण ती साखळींतील सर्वांत दुबळी जागा होय, आणि मोटरसायकलवर तिला जागा देऊं नये. चाकाचें छिद्र, त्याच्या आंतील खांचा, बोल्टांची संख्या हींहि जुळलीं पाहिजेत. त्यासाठीं जुनें चाक बरोबर घेऊन जाणें हा सर्वांत सोपा उपाय. नवें चाक जुन्यावर ठेवून पाहावें आणि दांते मोजावेत. केवळ गाडीचें नांव सांगून वस्तु घेतली तर फसगत होण्याचा संभव असतो, कारण एकाच नांवाच्या गाडीचीं मापें निरनिराळ्या सालीं बदललेलीं असतात.

तिसरा प्रश्न दांत्यांच्या संख्येचा. आणि मोह उत्पन्न होतो तो येथें. पुढें १५ व मागें ४५ दांते असले तर पुढचें चाक तीन वेळां फिरतें तेव्हां मागचें एकदां फिरतें. पुढच्या चाकाचा एक दांता कमी करून १४ केले, तर हें प्रमाण ३.२१ होतें. म्हणजे मागच्या चाकावरील जोर शेंकडा सात वाढला. भोर-वेल्ह्याच्या बाजूस जो दूधवाला दोन्ही अंगांना कॅन लटकावून रोज घांट चढतो, त्याला हा जोर जाणवेल. चढावर गाडी धांपा टाकणार नाहीं आणि क्लचहि कमी जळेल. परंतु हा जोर कोणी फुकट दिलेला नाहीं. त्याच वेगासाठीं जेथें इंजिन मिनिटांत ५००० फेरे घेत होतें तेथें आतां सुमारें ५३५० घेईल. सपाटीवर आवाज वाढेल, पेट्रोल अधिक लागेल, आणि गाडीचा सर्वांत मोठा वेग बहुधा खालीं येईल. उलट, पुढें १६ दांते बसविले तर प्रमाण २.८१ होतें. पुण्याहून सोलापूरला सरळ रस्त्यानें एकट्यानें जाणाऱ्यास इंजिन शांत वाटेल. पण तोच गृहस्थ पाठीमागें कुटुंबास घेऊन घांट चढूं लागला कीं, त्याला वरचेवर खालच्या गिअरमध्यें यावें लागेल. जोर आणि वेग हीं एकाच तराजूचीं दोन पारडीं आहेत. एक खालीं गेलें कीं दुसरें वर गेलेंच.

पुढचा एक दांता कमी करणें आणि मागचे तीन वाढविणें ह्यांचा परिणाम ह्या उदाहरणांत जवळ जवळ सारखाच होतो. १५ व ४८ असे दांते केले तर प्रमाण ३.२ येतें. पुढचें चाक स्वस्त आणि बदलावयास सोपें, म्हणून लोक तेंच बदलतात. पण लहान चाकाचा एक दोष लक्षांत ठेवावा. साखळी चाकावर गोल बसत नाहीं. ती सरळ कड्यांची असल्यामुळें बहुकोनी बसते. ह्यामुळें चाक एकसारखें फिरत असतांहि साखळीचा वेग प्रत्येक दांत्यागणिक कमीजास्त होतो. १७ दांत्यांच्या चाकावर हा फरक शेंकडा १.७ असतो, १२ दांत्यांच्या चाकावर तो शेंकडा ३.४, म्हणजे बरोबर दुप्पट होतो. शिवाय लहान चाकावर सांधे अधिक वांकतात, भार घेणारे दांते कमी असतात आणि साखळी चिमट्याच्या अंगाला घांसण्याचा संभव वाढतो. म्हणून पुढचा एखादा दांता कमी करणें ही मर्यादा मानावी. त्याहून अधिक जोर हवा असेल तर मागचें चाक मोठें करावें. मात्र कोणत्याहि चाकाचा एक दांता वाढला कीं साखळी अर्धी कडी अधिक लागते, आणि मागचा आंस ४२८ साखळींत तीन-सव्वातीन मिलिमीटर पुढें सरकवावा लागतो. तेवढी जागा आहे कीं साखळीच्या दोन कड्या वाढवाव्या लागतील, हें आधीं पाहावें. कांहीं गाड्यांत वेगाचा कांटा गिअरबॉक्सच्या फिरण्यावरून चालतो. तेथें दांते बदलले कीं कांटाहि खोटें बोलूं लागतो. तो पुढच्या चाकावरून चालत असेल तर त्यावर परिणाम होत नाहीं.

दांत्यांच्या संख्येविषयीं आणखी एक मौजेची गोष्ट आहे. १४ दांत्यांचें चाक आणि ११२ कड्यांची साखळी घेतली, तर १४ नें ११२ ला पूर्ण भाग जात असल्यानें प्रत्येक दांत्याला त्याच त्या आठ रोलरांची भेट पुनःपुन्हां होते. एखादा रोलर सदोष असला तर तो नेमक्या त्याच दांत्याला छळतो. पण चाक १५ दांत्यांचें असेल तर १५ आणि ११२ ह्यांना सामाईक विभाजक नसल्यानें प्रत्येक दांत्याला क्रमाक्रमानें सर्व ११२ रोलर भेटतात, आणि झीज सर्वांत सारखी वांटली जाते. चाकांना ४१, ४३ असे चमत्कारिक वाटणारे दांते पुष्कळदां असतात, त्यांचें एक इंगित हें आहे. असें असलें तरी केवळ एवढ्यासाठीं कोणी कारखान्यानें दिलेलें प्रमाण मोडूं नये. बनविणाऱ्यानें इंजिनाचा जोर, गिअर, टायर आणि साधारण ओझें ह्यांचा एकत्र विचार करून दांते ठरविलेले असतात. आपल्या रस्त्यांत आणि ओझ्यांत कांहीं खास विशेष नसेल, तर मूळचीच संख्या ठेवणें शहाणपणाचें.

आतां साखळीच्या जाती. एक साधी, आणि दुसरी रबरी कड्यांची. हिला ओ-रिंग साखळी म्हणतात. रबरी कडीचा छेद इंग्रजी एक्स अक्षरासारखा असेल तर एक्स-रिंग. हींत खिळा आणि बुश ह्यांच्यामध्यें कारखान्यांतच ग्रीस भरून दोन्ही पट्ट्यांच्या मध्यें बारीक रबरी कडें बसविलेलें असतें. ग्रीस बाहेर जात नाहीं, धूळ आंत येत नाहीं. जी न दिसणारी जागा मीं आरंभीं सांगितली, तिचें रक्षण होतें. अशी साखळी साधीपेक्षां महाग पडते, पण पुष्कळ अधिक टिकते. उघडी साखळी असलेल्या, मोठ्या शक्तीच्या किंवा दूरच्या प्रवासाच्या गाडीला हीच घ्यावी. परंतु ही साखळी रुंदीला थोडी अधिक असते. लहान गाडींत इंजिनाच्या कवचाला किंवा साखळीच्या झांकणाला ती घांसत नाहीं ना, हें पाहूनच ती घ्यावी. ज्या गाडीची साखळी पूर्ण झांकलेली आहे आणि इंजिन लहान आहे, तिला चांगल्या कारखान्याची साधी साखळी पुरेशी होते.

ह्या झांकणाविषयीं दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. १९६० च्या दशकांत म्हैसूरला जावा मोटरसायकली तयार होऊं लागल्या, त्यांची साखळी संपूर्ण बंदिस्त असे. आजहि रोजच्या वापराच्या पुष्कळ गाड्यांना पूर्ण झांकण असतें. तरुण मंडळी गाडी रुबाबदार दिसावी म्हणून तें काढून टाकतात. त्याबरोबर साखळीवरचें छत्र तर जातेंच, पण पाठीमागें बसणाऱ्या बाईचा पदर किंवा ओढणी चाकांत आणि साखळींत ओढली जाण्याची भीति उत्पन्न होते. केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९, ह्यांतील १२३ व्या नियमानें मागें बसणाऱ्याचे कपडे चाकांत अडकूं नयेत म्हणून अर्ध्याहून कमी नाहीं इतकें मागचें चाक झांकणारें साधन सक्तीचें केलें आहे. हा नियम कोणाच्या तरी मानेला फांस बसण्यापूर्वीं आठवावा.

चाकाच्या धातूचा प्रश्न थोडक्यांत सुटतो. पुढचें चाक पोलादाचेंच असतें. मागचें ॲल्युमिनियमचें मिळतें. तें हलकें असतें, पण लौकर झिजतें. शर्यतींत तें शोभतें. संसारी माणसानें पोलादाचें घ्यावें. कारखाना कोणता, हें पाहतांना साखळीच्या पट्ट्यांवर त्याचें नांव व क्रमांक स्वच्छ ठोकलेले आहेत कीं नाहींत, हें तपासावें. नामांकित वेष्टनांत नकली माल येतो. म्हणून ओळखीच्या दुकानांतून, पावती घेऊनच खरेदी करावी.

निवड चांगली झाली, तरी बसविणें चुकलें तर सारें फुकट जातें. साखळी बसवितांना जें लॉक लावतात, त्याची बंद बाजू साखळीच्या चालण्याच्या दिशेला असली पाहिजे. वरच्या बाजूला पाहिलें तर बंद तोंड पुढें आणि उघडें तोंड मागें. उलट लावलेलें लॉक कशाला तरी लागून उडूं शकतें. जुनें लॉक पुन्हां वापरूं नये. मोठ्या गाड्यांच्या साखळीला लॉकऐवजीं ठोकून बसविण्याचा खिळा असतो. तो योग्य हत्यारानेंच ठोकून घ्यावा. मागचें चाक दोन्ही बाजूंस सारख्या खुणेवर आणावें, नाहीं तर साखळी तिरपी चालून दांत्यांच्या कडा खाते. साखळींत ढील किती ठेवावी हें पुस्तिकेंत दिलेलें असतें. नेहमींच्या गाड्यांत ती बहुधा वीस ते तीस मिलिमीटर असते. ती मोजतांना चाक फिरवून साखळी जेथें सर्वांत घट्ट असेल तेथें मोजावी. घट्ट साखळी चांगली, ही समजूत घातक आहे. खड्ड्यांत चाक वर उचललें जातें तेव्हां साखळीला थोडी जागा लागते. ती न मिळाली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर नसता ताण येतो. त्याच वेळीं मागच्या हबमधील रबरेंहि तपासून घ्यावींत. तीं चपटीं झालीं असतील तर प्रत्येक झटका थेट नव्या साखळीवर येईल.

पुढें निगा एवढीच, कीं दर पांचशें किलोमीटरांच्या सुमारास, आणि पावसांत भिजल्यावर लगेच, साखळी पुसून तिला तेल द्यावें. रबरी कड्यांच्या साखळीला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावूं नये. रॉकेलानें पुसून कोरडी करून ९० नंबरचें गिअर ऑइल किंवा साखळीसाठीं मिळणारा खास फवारा वापरावा. तेल साखळीच्या आंतल्या अंगानें द्यावें, म्हणजे फिरतांना तें आपोआप बाहेर पसरतें. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतों: इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्यें टाकून, फिरत्या साखळीला फडकें लावूं नका. फडकें ओढलें जातें आणि त्याबरोबर बोटें चाकाच्या दांत्यांखालीं जातात. दोन मिनिटें वांचविण्यासाठीं बोट गमावणें हा सौदा कोणासहि परवडणारा नाहीं. चाक हातानेंच फिरवावें.

साखळीचा विचार इतका कां करावयाचा, असें कोणी विचारील. झिजलेली साखळी नुसती खडखडत नाहीं; ती भर वेगांत दांत्यांवरून उतरूं शकते किंवा तुटूं शकते. तुटलेली साखळी पुढच्या चाकाभोंवतीं गोळा झाली तर इंजिनाचें कवच फोडते. मागच्या चाकांत अडकली तर चाक जागच्या जागीं जखडतें आणि गाडी स्वाराच्या हातीं राहत नाहीं. अशा वेळीं पाठीमागें कोण बसलेलें असेल, हें आपणच मनाशीं आठवावें. आज संध्याकाळीं घरीं पोंचलांत म्हणजे गाडी थंड झाल्यावर फूटपट्टी घेऊन बसा, एकवीस खिळे मोजा, आणि आंकडा पुस्तिकेच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या महिन्यांत पुन्हां मोजा. तो आंकडा वाढतां वाढतां मर्यादेला आला, कीं मिस्त्री सांगेल म्हणून नव्हे, तर आपणांस स्वतःस कळलें म्हणून तिन्ही वस्तु एकदम बदला. मग गॅरेजमध्यें गेल्यावर 'स्वस्तांत' हा शब्द आपल्या तोंडीं येणार नाहीं. कोणता क्रमांक, किती कड्या आणि किती दांते, हें आपणच मिस्त्रींना सांगाल.